पेव

हेन्रिकला भुयार हवंय. अकरा खोल्या,
दर खोलीला चौदा डॉलर,
राक्षस त्याचे तो घालणार.
सोमवारपर्यंत.

हरिपुरात, पत्र्याखालच्या खोलीत,
ड्रॉइंग टॅबलेटच्या वायरीला चिकटपट्टी लावून
सहा काढून झाल्यात:
घडीव दगड, मशाली, साखळदंड,
सगळं कुणीतरी आधीच काढलेलं.
सातवीला हात अडला.

खिडकीबाहेर मल्लाप्पा बिरनाळेंचं रान.
रान म्हणायचं, खाली सगळं पोकळ.
तोंड एवढंसं, माणूस खांदे चोरून उतरेल इतकं,
आणि आत रांजणासारखा फुगत गेलेला काळोख,
शेणानं सारवलेला, उसाच्या पाल्यानं मढवलेला.
त्यात हळद राहायची, वर्षानुवर्षं,
किडीला पत्ता न देता.

मल्लाप्पा उतरायचे, हमालीवर.
पेवाचं तोंड उघडलं की दोन दिवस फिरकायचं नाही,
मग दोरीला कंदील बांधून आधी तो सोडायचा.
कंदील विझला, तर पेव अजून उपाशी.
सुबरावनं घाई केली. गाडी थांबली होती,
व्यापारी बांधावरून ओरडत होता.
हे सांगताना मल्लाप्पा
अजून उजव्या तळव्याकडे बघतात,
दोर तिथून सरकला होता.

मी सातवी खोली गोल काढली.

हेन्रिक लिहितो: सुंदर. पण तोंड मोठं कर,
चिलखतातला सरदार यातून जाणार कसा?
मी लिहिलं: चिलखत काढून.
तो लिहितो: आणि सापळा कुठाय? बाण, पातं, काहीतरी?
मी लिहिलं: हवा.

तीन दिवस उत्तर नाही.

तेवढ्यात मागच्या कामाचे पैसे
विश्रामबागेतल्या बँकेत अडकले.
‘परदेशातनं येतात. नेमकं काय विकता तुम्ही?’
‘खोल्या.’
‘प्लॉटिंग?’
‘नाही, नसलेल्या खोल्या. लोक टेबलाभोवती बसून
फासे टाकत त्यात हिंडतात.’
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे,
आणि फॉर्मवर लिहिलं, इंटिरिअर डेकोरेटर.
तसं खोटं नाही म्हणा.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बांधावर गेले.
मल्लाप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.
‘पायऱ्या कशाला? पेवाला पायऱ्या नसत्यात.’
पुसल्या.
‘आणि ह्यो डबा?’
मोहरांची पेटी, म्हटलं. खेळणाऱ्यांना काहीतरी मिळायला हवं.
‘मोहरा!’ ते हसले, खोकला येईपर्यंत.
‘हळद लिव्ह.’
मग नदीकडे हात करून, कुणाला न सांगितल्यासारखं,
पाचच्या पुराचं सांगत बसले:
पाणी वरनं दिसत होतं तेवढंच नव्हतं,
खाली पेवापेवांतनं घोटघोट पीत होती जमीन,
आणि नंतर महिनाभर सगळ्या गावाला
पिवळा, कुबट वास.
‘उरलीत किती?’
‘मोजायला उतरावं लागंल.’

रात्री वर्णनात लिहिलं:
तळाशी हळद. भाव चढेपर्यंत हलवू नये.

चौथ्या दिवशी हेन्रिकचं पत्र, लांबलचक.
खेळून बघितलं म्हणे, पाचजणांनी, बाहेर बर्फ.
रात्री एकला सरदारानं चिलखत काढलं,
चोरानं दोर बांधला,
आणि कधी न खेळणारी, सगळ्यांना नुसता चहा देणारी
त्याची मेहुणी म्हणाली, थांबा.
आधी दिवा सोडा.
वीस तोंडांचा फासा घरंगळत गेला.
दिवा विझला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली लिहिलंय: तोंड तेवढंच राहू दे.

मल्लाप्पांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं,
‘मग थांबली का माणसं? दोन दिवस?’
थांबली, म्हटलं. खेळात दोन दिवस
म्हणजे एक वाक्य असतं.
‘एक वाक्य,’ ते म्हणाले,
तळवा धोतराला पुसला,
आणि म्हैस सोडायला उठले.

चार खोल्या अजून बाकी आहेत.